दुधाच्या दातांचे मन्मथ डॉक्टर

मन्मथ डॉक्टरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ते धाराशिव सोडून गेले, त्यांच्या दवाखान्याच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं, तरी तो लोखंडी जिना दिसला की माझं डोकं तापतं. माझ्या नातीच्या दाढेबद्दल मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. ते 'हो' म्हणाले असते तर मी भांडले असते. 'नाही' म्हणाले असते तरी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. पण या माणसानं मला भांडूच दिलं नाही.

पेठेत माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. आज गाळा माझ्या नावावर आहे, आधी डोक्यावर पाटी होती. जुन्या साड्या, जुन्या पँटी घ्यायच्या आणि त्यावर पातेलं नाहीतर डबा द्यायचा. धाराशिवच्या गल्ल्यांपासून आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या आठवडी बाजारापर्यंत मी अशी फिरले. साडीच्या काठावरून बोट फिरवलं की समोरची बाई कुठवर ताणणार ते मला कळायचं. नवरा लवकर गेला, मुलगा लहान होता, आणि मऊ बोलले म्हणून मला कुणी काही दिलं नाही. तेव्हा मी मऊ बोलत नाही.

डॉक्टरांचा दवाखाना माझ्या दुकानाच्या वर होता. उंच, किरकोळ माणूस, शर्ट नेहमी एक माप मोठा. मूळचे मुरूमकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की पुन्हा कानडी, तीही तोंडातल्या तोंडात. वरच्या बाजूला त्यांचा स्वतःचा एक दात नव्हता. दाताच्या डॉक्टरलाच दात नाही, यावर पेठेत बरीच चेष्टा चालायची. मी तोंडावरच विचारलं, "डॉक्टर, आधी स्वतःचा बसवून घ्या की. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"पोरांसाठी बरं पडतं, शेठाणी," ते म्हणाले. मला ते शेठाणीच म्हणायचे. आधी मला वाटलं टोमणा आहे. नंतर कळलं, या माणसाला टोमणा मारता येत नाही.

आणि पोरांसाठी खरंच बरं पडायचं. खुर्चीत बसलेलं पोरगं रडायला लागलं की डॉक्टर त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे, आरसा त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः आ करायचे. "माझे मोज. एक चोरीला गेलाय. कुठला, सांग." पोरगं डोळे पुसून मोजायला लागायचं. चुकलं की डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचे. बाहेरची माणसं कंटाळून खाली माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायची आणि मला त्यांच्या गळ्यात एखादी कढई मारता यायची.

दाताचे डॉक्टर गावात आणखी होते. पण दुधाचे दात वाचवण्याचा नाद एकट्या यांनाच. आमच्याकडं लेकराची दाढ किडली, गाल सुजला, की आई म्हणते, "दुधाची हाय, पडणारच की." हे वाक्य ऐकलं की डॉक्टर हातातलं काम ठेवून उठायचे. दाढेच्या फोटोची फिल्म ट्यूबलाईटसमोर धरायचे.

"बघा बाई. ही दुधाची दाढ. ही तिची मुळं. आणि मुळांच्या मधे खाली हे ढगासारखं काय दिसतंय?"

बाईला काही दिसायचं नाही.

"ही पक्की दाढ. अजून झोपलीय. दुधाच्या दाढेनं तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय. एस्टीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो, तशी. आता रुमालच काढला तर शेजारची सरकून बसती. मग ही उठंल तेव्हा बसंल कुठं?"

फिल्म कळायची नाही, रुमाल कळायचा. मग डॉक्टर त्या दाढेतली सडलेली नस काढायचे, मुळांच्या आत औषध भरायचे आणि वरून स्टीलची टोपी बसवायचे. "स्टील माझ्याकडून घ्या, घाऊक भावानं देते," असं मी त्यांना छेडत असे. एकदा एक आजी जिना उतरून थेट माझ्याकडं आली. नातवाच्या दाढेची टोपी निघाली होती. ती मूठ उघडून म्हणाली, "बाई, ही मोडीत घेतीस का?" डॉक्टर मागून धावत आले तोवर मी वजनकाटा काढला होता.

माझ्या नातीचीही दाढ त्यांनीच केली. शिवानी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागली होती. खालच्या दाढेपाशी पुवाची पुटकुळी आली, रात्रंदिवस रडायची. सून म्हणत होती काढून टाकू. डॉक्टरांनी रुमालाची गोष्ट सांगितली आणि मी, जी कुणाचं पहिल्या भावाला ऐकत नाही, ती ऐकून बसले. दोन-तीन खेपा झाल्या, टोपी बसली, पोर भाकरी चावायला लागली. मी खूश होते. डॉक्टर नव्हते.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"आता मुळं काय करतात ते बघायचं."

इतर डॉक्टरांचं काम जिथं संपतं, तिथून या माणसाची काळजी सुरू व्हायची. त्यांनी मला ते इतक्या वेळा सांगितलं आहे की मी झोपेतही सांगेन. दुधाच्या दाताचं मूळ आपोआप विरघळतं. खालचा पक्का दात वर सरकतो तसं ते झिजत जातं, म्हणून दात हलतो आणि पडतो. पण ज्या मुळात औषध भरलं आहे ते कसं विरघळणार? वेळेआधी विरघळलं तर दात लवकर पडून जागा जाते. विरघळलंच नाही, तर खालचा दात वाट सोडून तिरका निघतो. बरोबर वेळेला विरघळलं, तर डॉक्टर बरोबर.

"पुस्तकात लिहिलं असंल की," मी म्हणाले.

"पुस्तकात पुष्कळ लिहिलंय. पण पुस्तकातली पोरं ठरल्या वेळी परत दाखवायला येतात. माझी येत नाहीत."

त्यांची बरीचशी पोरं वाशी, भूम, कळंबकडची. दसरा झाला की ती आईबापाबरोबर ऊसतोडीच्या ट्रकात बसून जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत. तिकडं दिवसभर हातात उसाचं कांडं. दाढ हलली कधी, पडली कधी, कुणाच्या लक्षात राहायचं नाही. पडलेला दात शेणात गुंडाळून घरावर नाहीतर खोपटावर भिरकावायचा, ही आपली रीत. म्हणजे डॉक्टरांना जे मूळ बघायचं होतं, ते महाराष्ट्रभरच्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी खोपटावर वाळत पडलेलं असायचं.

"मी करतोय ते भलं करतोय की बुरं, हे मला कळायचा रस्ताच नाही," ते एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाले. हातात बिनसाखरेचा चहा. लग्नकार्यातसुद्धा ते पेढा खिशात घालून घरी न्यायचे, पण तोंडात टाकायचे नाहीत.

मी म्हणाले, "डॉक्टर, पलीकडच्या चौकातला तो दुसरा बघा. शंभर टक्के गॅरंटी म्हणतो. त्याच्याकडं रांग हाय. तुम्ही नुसतं 'बघू' म्हणता. बघू म्हटल्यावर कोण थांबंल?"

"तुम्ही भांड्याला गॅरंटी देता, कारण भांडं विकल्यावर वाढत नाही. लेकरू वाढतं."

मग तोड मीच काढली. फुकट कुणी काही आणून देत नाही, हे मला पाटी डोक्यावर होती तेव्हापासून ठाऊक होतं. मी सांगितलं, टोपी बसवलेली दाढ पडली की आणून द्या आणि माझ्या दुकानातून चमचा घेऊन जा. त्याच लेकराची दुसऱ्या बाजूची, औषध न भरलेली दाढही आणली तर वाटी. डॉक्टरांना दोन्ही हव्या होत्या, शेजारी ठेवून मुळं बघायला. ते आधी बिचकले.

"ही लाच झाली, शेठाणी."

"लाच न्हाय, अदलाबदल. साडीवर पातेलं, तसा दातावर चमचा."

महिन्याभरात दात यायला लागले. काय काय आलं! कुणी पुढचे किडके दात आणले, कुणी सासऱ्याचा सुळा आणला. एका बाबानं तर शेळीचाच दात आणला. डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरला, उलटासुलटा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "कीड नाही. चारा चांगला दिसतोय." बाबा म्हणाला, "व्हय, मक्याचा हाय," आणि मग एकदम कानशिलं लाल करून जिना उतरला. त्याला चमचा मी दिला. धीटपणाबद्दल.

पण खरे दातही आले. एक दिवस डॉक्टर धावतच खाली आले. तळहातावर दोन दाढा, एकीला टोपी, एक साधी. दोन्हींची मुळं झिजून संपलेली, खालून पेल्यासारखी खोल.

"बघा! सारख्या. औषधासकट विरघळलंय. दोन्ही बाजू सारख्याच वेळी पडल्या म्हणतीय आई."

त्या दिवशी त्यांनी माझ्यादेखत अर्धा पेढा खाल्ला. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

कारण त्यानंतर वाशीकडून वेगळ्या दाढा यायला लागल्या. टोपी जागच्या जागी आणि खाली मुळं अख्खी, लांब, आकड्यासारखी वाकलेली. एक आली, मग दुसरी, मग तिसरी. आया शपथेवर सांगायच्या, आपोआप पडली. डॉक्टर भिंगावरून डोळा काढेनात. "म्हणजे माझं औषध मुळाला विरघळूच देत नाही," ते म्हणायचे. "खालचे दात कोंडून ठेवलेत मी पोरांचे." त्यांनी नवीन दाढा करणं थांबवलं. आलेल्या बायांना परत पाठवायला लागले. बाया चौकातल्या गॅरंटीवाल्याकडं जायच्या आणि तो दाढ उपटून हातात द्यायचा. डॉक्टर वर एकटे बसलेले असायचे. जिना दिवसदिवसभर वाजायचा नाही.

मी त्याच सुमारास माल घेऊन वाशीच्या बाजाराला गेले. दसरा तोंडावर होता. कमल नावाची एक ऊसतोडीची बाई, जिनं माझ्याकडून नुकतीच वाटी नेली होती, ती लेकीला कडेवर घेऊन माझ्यापुढं येऊन बसली.

"मावशी, हिची दुसरी बी टोपीची काढून आणली तर डबा देताल का?"

"काढून म्हणजे?"

"तो बसतोय की बाजारात पोत्यावर, चिमटा घेऊन. त्याच्याकडनं. लई वरडली पोरगी. पण वाटी जाड हाय तुमची, खोटं कशाला बोलू."

माझा आवाज सगळ्या बाजारानं ऐकला असेल. "अगं भवाने, आपोआप पडल्यावर आण म्हटलं होतं!"

कमल घाबरली नाही. लेकीचा गाल पुसत म्हणाली, "पडंपर्यंत आमी हितं असतोय व्हय, मावशी? परवा ट्रक येतोय. तिकडं पडली तर वाटी कोण देणार?"

मी उरलेला माल बांधला. धाराशिवला येऊन मी जिना चढले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते सुटले, आता हसतील. औषधाचा दोष नव्हता. त्यांनी कपाटातून गोळ्यांच्या रिकाम्या डब्या काढल्या. एकेकीत एकेक जोडी होती, वर पोराचं नाव चिकटवलेलं.

"यातल्या पडलेल्या कुठल्या आणि पाडलेल्या कुठल्या?" ते म्हणाले. "अर्धं झिजलेलं मूळ आहे, ते आपोआप हललं की ओढलं? आता मी एकाही दाढेवर विश्वास कसा ठेवू?"

"त्या दोन सारख्या होत्या, त्या तरी खऱ्या."

"त्याही वाटीसाठीच आल्या होत्या, शेठाणी."

त्यांनी डब्या पुन्हा कपाटात ठेवल्या, पण नंतर उघडताना मी त्यांना पाहिलं नाही. चमचे मी बंद केले. डॉक्टर हळूहळू पुन्हा दाढा करायला लागले, कारण पोरं रडत यायचीच. पण रुमालाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज मधेच खाली जायचा. मला एवढंच म्हणाले, "आता एकच खात्रीची दाढ राहिली. तुमच्या शिवानीची. ती कुणी ओढणार नाही. तिची दुसऱ्या बाजूची पण जपा."

शिवानी मोठी होत होती. डॉक्टर तिला जिन्यात गाठून तोंड उघडायला लावायचे, बोटानं टोपी हलवून बघायचे. टोपी डुगडुगायला लागली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि सून पहिल्या लेकराच्या इतक्या वर्षांनी पुन्हा गरोदर, म्हणून शिवानीला घेऊन माहेरी जळकोटला गेली. मी बजावून पाठवलं होतं. एका सकाळी पोरीचा फोन आला. "आजी, टोपी पडली! आपोआप!"

"कुठं हाय? हातात हाय ना?"

"अज्जानं माळवदावर टाकली. शेणात घालून. मी सूर्याकडं तोंड करून उभी होते."

मी ते डॉक्टरांना सांगायलाच नको होतं. त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि आम्ही दुपारची एस्टी धरली. जळकोटला माझे व्याही, म्हणजे शिवानीचा अज्जा, दारातच होते. भला माणूस, शेती आणि थोडी आडत, बोलण्यात निम्मी कानडी. डॉक्टरांशी दोन वाक्यं कानडीत झाली आणि मग ते माझ्याकडं वळून हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, आजच माळवदावर पांढरी माती टाकली. पाऊस तोंडावर हाय. दात त्या मातीखाली गेला."

डॉक्टर शिडीनं घराच्या मातीच्या छतावर गेले. चपला खाली काढून. मीही धापा टाकत मागं गेले. सगळं माळवद ताज्या मातीनं सारवून, चोपून गुळगुळीत केलेलं. डॉक्टर ओणवे होऊन तळहातानं माती चाचपत कडेकडेनं फिरले. कुठं उंचवटा लागतो का बघत. गल्लीतली पोरं समोरच्या माळवदावर जमून हसत होती.

मागून वर आलेल्या व्याह्यांशी मी भाव सुरू केला. "उकरू या. माती मी टाकून देते, गडी माझे, वर माझ्या मुलाकडून, तुमच्या जावयाकडून, घराला पत्रा घालून देते."

"माती टाकता येईल," व्याही म्हणाले. "पण या वक्ताला उकरलेलं माळवद पहिल्याच पावसात गळतं. तुमच्या सुनेचं बाळंतपण याच्या खालच्याच खोलीत हाय, विहीणबाई. तुम्हीच सांगा, उकरू का?"

मी भाव तिथंच सोडला. डॉक्टर उठून उभे राहिले. गुडघ्यांना पांढरी माती.

"नको," ते म्हणाले. "बाळंतिणीवर पाणी नको." आणि खाली उतरून शिवानीला म्हणाले, "आ कर." तिच्या रिकाम्या जागेत बराच वेळ बघत राहिले.

तिथं जो दात आला, तो पावसाळ्यात दिसायला लागला. तिरका नव्हता. पण पिवळट तपकिरी, वरून खड्डा पडलेला, उंदरानं कुरतडल्यासारखा. दुसऱ्या बाजूची दाढ नंतर घरीच पडली, तिथला दात पांढराशुभ्र. पोर हसताना खालचा ओठ ओढून धरायला लागली. शाळेत कुणीतरी तिला सडकी म्हणालं होतं. मी तिला हाताला धरून जिना चढले.

डॉक्टरांनी पाहिलं. फोटो काढला. पुन्हा पाहिलं.

"हे तुमच्या औषधानं झालं का?" मी विचारलं. हाच तो प्रश्न.

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "आधी पू होता. त्या पुवानंही खालचा दात असा होतो. पुष्कळदा त्यानंच होतो. पण मी आत गेलो, औषध मुळाच्या टोकाबाहेर गेलं असेल, त्यानंही होऊ शकतं. मूळ कसं झिजलं ते बघायला मिळालं असतं तर काही म्हणता आलं असतं. आता सांगता येत नाही."

"पण तुमच्या मनाला काय वाटतं?"

"मनाला रोज वेगळं वाटतं."

"डॉक्टर, काहीतरी एक म्हणा! पुवानं झालं म्हणा. मी ऐकते. नाहीतर माझ्या हातून झालं म्हणा, मी चार शिव्या देते आणि घरी जाते. बाजारात माणूस खोटं का होईना, एक भाव सांगतो!"

"मला माहीत नाही, शेठाणी," ते म्हणाले. "तुम्हाला काही एक सांगितलं तर उद्या दुसऱ्या आईलाही तेच सांगावं लागंल."

मी इतकी ओरडले की खाली माझ्या दुकानातल्या पोरी बाहेर आल्या. त्यांनी ओरडू दिलं. मग शिवानीला जवळ घेऊन त्या दातावर पांढरा मसाला भरून द्यायला लागले, आणि भरताना त्यांचे हात अगदी स्थिर होते. मी दाराकडं तोंड करून उभी राहिले. तो मसालाही दर थोड्या दिवसांनी निघतो. परत भरावा लागतो. आता दुसरीकडं नेते.

त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते जिना उतरताना थोडे थांबायचे. मी पातेली पुसत राहायची. काही दिवसांनी दवाखान्याची खुर्ची दोरीनं बांधून खाली उतरवली गेली. कुठं गेले विचारायला मी कुणाकडं गेले नाही. पेठेत लोक म्हणायचे, वाशीकडं कुणा बहिणीजवळ राहतात.

गेल्या दसऱ्यानंतर मी टेंपोत माल घेऊन वाशीला निघाले होते. नाक्याजवळ रस्ता अडला होता. ऊसतोडीचे ट्रक लागलेले, वर गाठोडी, चुली, कोंबड्या, बाया, पोरं. त्या गर्दीत मला एक माप मोठा शर्ट दिसला. डॉक्टर ट्रकच्या चाकावर पाय देऊन फाळक्याला लोंबकळले होते. एका हातात बॅटरी. वरच्या एका मुलीचं तोंड त्यांनी उघडायला लावलं होतं आणि वाकून आत बघत होते. केस पार पांढरे झाले होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "ओ म्हातारबा, उतरा खाली!"

"एकच मिनिट," डॉक्टर म्हणाले, आणि मुलीच्या आईला सांगायला लागले. "बाई, ही दाढ तिकडंच पडंल. फेकू नका. कापडात बांधून ठेवा, परत आल्यावर मला दाखवा. देताल ना दाखवायला?"

बाईनं मान हलवली. ती मान मी जन्मभर पाहिली आहे. भाव विचारून झाल्यावर, भांडं खाली ठेवून, 'येते परत' म्हणणाऱ्या बाईची ती मान.

माझा ड्रायव्हर म्हणाला, "वळखीचे हाईत का? टेंपो बाजूला घेऊ?"

ट्रक हलला. डॉक्टर खाली उतरले, फाळक्याला हात लावून ट्रकबरोबर थोडं चालले, मग थोडं पळाले, आणि हात सुटला तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भर उन्हात त्यांच्या हातातली बॅटरी चालूच होती.